धाग्याले लागते तेवढा श्वास

पहिले हे लिहा, बाकीचं मंग. अन्याय वामनवर झाला, म्हणजे माझ्यावर, मोहाडीच्या विणकरावर. झाला तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी साडेदहा-अकराच्या मधात, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात, बाहेर गल्लीत पोट्टे लाकडाचे नंदी सजवून दारोदार फिरून राहिले होते तेव्हा. मी डॉक्टरले म्हटलं, साहेब, माझा श्वास पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, काकाजी, तुम्हाले काही झालं नाही, वहम आहे. बस, एवढंच. कोणी मारलं नाही, कोणी शिवी दिली नाही. तरी मी याले अन्यायच म्हणतो. माणसाचा श्वास कमी पडून राहिला अन् तुम्ही न मोजताच त्याले सांगता की पुरा आहे, मंग त्यानं जावं कोणाकडे? दवाखान्याचं नाव लिहू नका. एकाच दवाखान्याचं काम असतं तर मीच नाव घेऊन ओरडलो असतो.

आता तुम्ही समजान की बुढा रडगाणं घेऊन बसला. नाही जी. माझी गोष्ट हसाची आहे, शेवटपर्यंत ऐका.

आमचं घर म्हणजे पुढे माग अन् मागे चूल. बाप विणे, बापाचा बाप विणे, माय धाग्याच्या कांड्या भरे. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बाप बसलेला अन् खटक-खट खटक-खट हा आवाज, आम्ही भाऊबहिणी त्याच आवाजात झोपलो अन् त्याच आवाजात उठलो, मधातच आवाज बंद झाला तर आमची झोप मोडे, माय म्हणे, झोपा रे, बाप पाणी प्याले उठला. शाळेत गेलो, नाही गेलो असं नाही, पण मास्तर फळ्यावर लिहीत अन् माझे पाय बाकाखाली मागाच्या पावड्या मारत. मास्तर म्हणत, वामन, कापड किती झालं? सारा वर्ग हसे. मी बी हसे. मंग एक दिवस गेलोच नाही, अन् कोणी बोलवाले आलं नाही.

काय सांगू तुम्हाले, बाहेरच्या माणसाले धोटा माहीत नसते. धोटा म्हणजे लाकडाची नाव समजा, हातात मावन एवढी. तिच्या पोटात धाग्याची कांडी बसते अन् बाजूले एक बारीक भोक राहते, त्याले आम्ही डोळा म्हणतो. कांडीचा धागा त्या डोळ्यातून बाहेर आला पाहिजे, तेव्हा धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडे पळते अन् कापड होते. आता तो धागा बाहेर काढाचा कसा? आजकालचे लोक तारेचा आकडा घालतात. आम्ही जुने लोक तोंड लावतो. धोटा होठाले लावला, श्वास आत ओढला, फुर्र, धागा जिभेवर. कांडी संपली की दुसरी बसवा, पुन्हा फुर्र. बापानं मले विणाले मंग शिकवलं, पहिले धागा ओढाले शिकवलं. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा जिभेवर आला की त्याची एक चव लागते, तुरट म्हणा, मातीवाणी म्हणा, ती चव मले पेढ्याहून गोड. आमच्या गल्लीत कोण कसा विणते हे मंग पाहतात, कोण एका दमात धागा ओढते हे पहिले पाहतात. अन् मी एका दमात ओढे. तुळशीराम, माझा शेजारी, लहानपणापासूनचा, तो म्हणे, वामन्या, तू ओढतो तेव्हा माझ्या मागावरचा धागा बी तुझ्याकडे जाते.

लग्न झालं आंधळगावच्या कौसल्याशी. विणकराचीच पोरगी. तिच्या हातची कांडी अशी का धागा सुटाले सुटे पण गुंता होऊ देत नसे. एक पोरगी झाली, मंदा, ती दिली कारध्याले, वैनगंगेच्या पल्याड. जवाई वरठीच्या कारखान्यात फटफटीनं जाते-येते, भला माणूस, बोलते कमी अन् खाते जास्त. एवढाच माझा संसार. याच्यात दुःख शोधाल तर सापडन, पण शोधाचं कायले?

मंग हात हलाले लागला. उजवा. रिकामा बसलो की अंगठा अन् बोट असे घासत राहत, जसं काही तंबाखू मळून राहिलो. तुळशीराम म्हणे, वामन्या, एवढा फुकटचा हलून राहिला त याले कांड्या भराच्या चाकाले बांध, वहिनीले आराम होईन. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं पाह्यलं अन् सांगतलं पार्किन्सन. डोक्यात एक रस बनते, तो कमी पडला की आंग कडक होते, हात थरथरते, चाल बारीक होते. गोळी सुरू केली. अन् गंमत अशी, धोटा हातात घेतला की हात गप्प. रिकामा राहिला की नाचे, कामाले लावला की शहाणा. मी कौसल्याले म्हटलं, पाह्य वो, माझ्या हातालेच कळते का आपण विणकर आहो. चालू राहिलं काम. थोडं हळू, पण चालू.

आता इथं आमच्या घरात जे झालं ते कोणाच्या घरात झालं नसन.

धागा येईना. धोटा लावला, ओढला, काही नाही. पुन्हा ओढला, डोळ्याच्या तोंडाशी येऊन आत गेला. मी म्हटलं, कौसल्या, कांडी घट्ट भरली तू. ती म्हणे, रोज भरते तशीच भरली. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हटलं, घट्ट आहे म्हणतो न. तिनं ढिली भरली. तरी येईना. मी म्हटलं, अजून ढिली. तिनं एवढी ढिली भरली का धोट्याच्या पोटात कांडी सुटून धाग्याचा गोळा झाला, जसं मांजरीनं खेळला. मंग तर भांडणच. मी म्हटलं, म्हातारपणात हात बिघडला तुझा. ती म्हणे, माझा हात बिघडला? हलून कोणाचा राहिला? साऱ्या गल्लीनं ऐकलं. मंग मी धोट्यावर राग काढला. नवीन धोटा आणला. त्याचा डोळा बारीक म्हणून सुताराकडून मोठा करून घेतला. तुळशीरामचा धोटा मागून आणला. मंग म्हटलं, धाग्याले खळ जास्त झाली, धागा ओला आहे, हवा दमट आहे. साऱ्या दुनियेत दोष पाह्यला जी, एक माझी छाती सोडून. विणकराले सुचन तर धाग्याचंच सुचन न! धागा येत नाही म्हणजे धाग्यात काही आहे, श्वासात काही असन हे आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

एक दिवस कौसल्या चुलीपासून उठून आली. हात पदराले पुसले. म्हणे, द्या इकडे. मी म्हटलं, तू काय करशील? म्हणे, द्या तर. तोच धोटा, तीच कांडी, मी दहा वेळा ओढून थकलेलो. तिनं होठाले लावला. फुर्र. धागा बाहेर.

मी पाहतच राहिलो. ती बी. तिले वाटलं होतं जिंकल्यावर मजा येईन, पण माझं तोंड पाहून ती तठीच खाली बसली. म्हणे, अजी, हे कांडीचं नाही. मंग तिनंच म्हटलं, तुमचा आवाज बी बसला किती दिवसाचा, तुम्ही अर्धं बोलून थांबता, मले वाटे रागानं थांबता. मी म्हटलं, मले वाटे तू ऐकत नाही.

म्हणून गेलो भंडाऱ्याले, त्या दवाखान्यात. नागपूर दूर पडते म्हणून. बोटाले चिमटा लावला, म्हणाले प्राणवायू बरोबर. छातीचा फोटो काढला, म्हणाले साफ. मी सांगतलं, साहेब, धोट्यातला धागा ओढल्या जात नाही. ते हसले. म्हणाले, काकाजी, ते मशीन दुरुस्तीवाल्याले सांगा. कौसल्या म्हणे, साहेब, यांचा आवाज बी गेला, खोकला बी बारीक झाला. म्हणाले, बाई, वय झालं. मी म्हटलं, मले पार्किन्सन आहे, त्याच्यानं तर नाही? म्हणाले, तो हातापायाचा आजार, त्याचा श्वासाशी काय संबंध, तुम्ही घाबरता फार. अन् घबराटीची एक गोळी लिहून दिली, त्यानं झोप येते, अन् असू द्या म्हणून दम्याचा पंप दिला. आता पंपाची पावडर ओढाले बी श्वासच लागते न जी! जो श्वास माझ्याजवळ नाही तो लावून ओढाचं औषध मले दिलं. पावडर तोंडातच राहे. कौसल्या म्हणे, अजी, मिशाले पिठी लागली, पिठाच्या गिरणीतून आले का?

हसलो आम्ही. पण एक सांगतो, वहम हा शब्द लय वाईट. बिमारीची गोळी असते, वहमाची नसते. गल्लीत पसरला तो शब्द. तुळशीराम म्हणे, वामन्या, डॉक्टर म्हणते काही नाही, मंग बस न मागावर, नखरे कायले करतो? तो वाईट नव्हता, त्याले वाटे असं बोलल्यानं मी उठून बसीन. अन् मलेबी वाटाले लागलं का असन बावा, शिकलेला माणूस म्हणते तर असन वहम. दिवसा बी झोप येऊन राहिली होती त्या गोळीनं. मी मागावरून उतरलो. कौसल्यानं मागावर जुनं लुगडं टाकलं, धूळ बसू नये म्हणून. आमच्याकडे माग झाकलेला राहते तो घरात सुतक असलं तर. येणारा-जाणारा दारातून पाहे अन् विचारे, कोण गेलं? कौसल्या म्हणे, कोणी नाही जी, सारे आहेत. माझ्या मनात एकच होतं. पैसा गेला, काम कमी झालं, चालते. पण माझ्या मागावर मी माझ्या श्वासानं बसीन का नाही, एवढं मले कोणी सांगावं.

दिवाळी झाली अन् मंदानं कारध्याले बोलावलं. सकाळी तर्री-पोहे केले, पोह्यावर चण्याचा तिखट रस्सा, तिच्या हातची तर्री म्हणजे नाकातून धूर. मी खाऊन राहिलो होतो, जवाई सांगून राहिला होता काहीतरी कारखान्याचं, मी हसलो, अन् चणा अडकला. खोकला आला, पण वर आलाच नाही. तुम्हाले समजते का मी काय म्हणतो? खोकला उठते पोटातून, अन् गळ्यापाशी येऊन जसा जिन्यावर थकून बसते, तसा बसला. आवाज नाही, हवा नाही. कौसल्या ओरडली. तो कमी बोलणारा जवाई, त्यानं एका झटक्यात मले पुढे वाकवलं अन् पाठीवर अशा थापा मारल्या, अशा मारल्या, का चणा सरळ त्याच्या सासूच्या पुढ्यात. मंग कौसल्या रडली, जवाई घामानं भिजला, अन् मले श्वास आल्यावर पहिला शब्द निघाला तो, तर्री चांगली झाली मंदा.

मंदा हसली नाही. हातातला झारा तसाच. म्हणे, बाबा, वहमानं चणा अडकते का? तुम्ही सांगा मले. वहमानं खोकला मरते का? मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले. म्हणे, डॉक्टरनं मोजलं का? कशानं मोजलं? बोटाच्या चिमट्यानं? माझी पोरगी दहावी शिकली, पण बोलाले वकील. जवाईले म्हणे, उद्याची सुटी टाका. त्यानं टाकली. फटफटीवर मले मधात बसवलं, मागून मंदानं धरलं, वरठीच्या टेसनवर कौसल्या ऑटोनं अगोदरच येऊन उभी, अन् आम्ही गाडीनं नागपूरले गेलो, त्याच गोळीवाल्या मोठ्या डॉक्टरकडे. त्यांनी सारं ऐकलं. मान हलवली. पहिले ती झोपेची गोळी बंद केली, म्हणाले, ही तर उलटीच पडन तुम्हाले. मंग म्हणाले, हात जसा कडक होते तशी छाती बी कडक होते या बिमारीत, मी तुम्हाले व्यायामाच्या मॅडमकडे पाठवतो.

मॅडम म्हणजे पोरगीच, मंदाच्या वयाची. नाकाले चिमटा लावला. कौसल्या म्हणे, अजी, तुमचं नाक एवढं सरळ कधीच नव्हतं. मंग एक यंत्र, हातात मावणारं, त्याले नळी. मॅडम म्हणाल्या, काकाजी, ही नळी पुढून बंद आहे, हवा येणार नाही, तरी होठ घट्ट लावा अन् पुऱ्या जोरानं आत ओढा. मी ओढलं. नळी तोंडातून काढली अन् म्हटलं, मॅडम, हा तर धोटा झाला.

अन् पाहा, इथं फरक आहे माणसामाणसात. मॅडमनं यंत्र खाली ठेवलं, खुर्ची पुढे ओढली अन् विचारलं, धोटा म्हणजे काय काकाजी, सांगा न. एवढंच विचारलं जी. मी सांगतलं, कांडी सांगतली, डोळा सांगतला, फुर्र करून दाखवलं, कौसल्यानं तिच्या बाजूचं भांडण सांगतलं, मंदानं चणा सांगतला. मॅडम हसून हसून बेजार, अन् मंग एकदम म्हणाल्या, काकाजी, तुम्ही बरोबर होते. ज्यानं श्वास आत येते ते छातीचे, पोटाच्या वरचे स्नायू तुमचे कमजोर झाले. फुप्फुस साफ आहे म्हणून फोटोत दिसत नाही. बसल्या जागी प्राणवायू बरोबर राहते म्हणून बोटाच्या चिमट्यात दिसत नाही. जोर मोजला तरच दिसते. अन् खोकल्याचा जोर वेगळा, तो बाहेर फुंकाचा, तो बी तुमचा कमी आहे, म्हणून चणा निघाला नाही, म्हणून आवाज बसला. असंच सोडलं असतं तर जेवण छातीत उतरून निमोनिया झाला असता. मंग मॅडमनं नळी बदलली अन् मंदाले म्हटलं, तू ओढ. मंदानं ओढलं तर यंत्रावरचा आकडा असा वर गेला का माझ्यापुढे डोंगर.

तेव्हा मले हसू आलं. साधं नाही, पोट धरून. वहम नव्हता! बिमारी होती! मोजल्या जाते अशी, यंत्रावर दिसते अशी, खरी, पक्की बिमारी! मॅडम म्हणाल्या, काकाजी, इथं लोक हे ऐकून रडतात. मी म्हटलं, रडू द्या त्याईले, मले पेढे आणू द्या. अन् खरंच आणले, टेसनजवळचे. मॅडम म्हणाल्या, वाईट बातमीवर पेढे वाटणारे तुम्हीच पहिले.

मंग व्यायाम सुरू झाला. एक यंत्र शिट्टीवाणी, त्यात स्प्रिंग, जोर लावून ओढा तेव्हा ते उघडते. दुसरं फुंकाचं. मॅडमनं बजावलं, गोळीचा असर चालू असन तेव्हाच कराचं, असर उतरल्यावर नाही, अन् चक्कर आली का थांबाचं. स्प्रिंग अगोदर अगदी ढिली, मंग हळूहळू घट्ट, तेबी त्या बोलावून पाहूनच घट्ट करणार, आपल्या मनानं नाही. अन् मोठ्यानं आऽऽऽ म्हणाचं, लांब. पहिल्या दिवशी मी आऽऽ केलं अन् तुळशीराम धावत आला, वहिनी, मारू नका त्याले! कौसल्या म्हणे, अजी, गल्लीत समजतात का मी तुम्हाले कुटून राहिली. मंग ती दारात उभी राहून सांगे, व्यायाम आहे जी, व्यायाम. चार-पाच दिवसांनी लोकांले सवय झाली. आता माझा आऽऽ ऐकून शेजारची बाई कुकर लावते. तुळशीरामनं एकदा माझं यंत्र पाहाले घेतलं, कौसल्यानं हिसकून घेतलं, दुसऱ्याच्या तोंडचं लावाचं नाही, मॅडमनं सांगतलं आहे. मंग तो माझ्यासंग नुसता आऽऽ कराले बसे. म्हणे, वामन्या, त्या दिवशी मी नखरे म्हटलं. मी म्हटलं, हो म्हटलं, आता ओरड जोरानं.

मॅडमनं एक बजावलं होतं, विणाले बसा, खुशाल बसा, पण धागा तारेनं ओढा, तोंडानं नाही, धाग्याची धूळ छातीत जाते, श्वास यंत्रावर कमवा. मी हो म्हटलं. कौसल्यानं मागावरचं लुगडं काढलं, झटकलं, वाळत घातलं. अन् मी तारेच्या आकड्यानं विणाले लागलो, पोट्ट्यांवाणी. महिना गेला, दोन गेले असतील, मी मोजले नाही. आवाज परत आला तो कौसल्यालेच पहिले कळला, मी परसातून तिले हाक मारली अन् ती म्हणे, अजी, ओरडता कायले, ऐकू येते मले! असं म्हटलं अन् तीच थबकली. किती दिवसानं तिले असं म्हणता आलं.

मंग एका दुपारी ती बाहेर कांड्या भरून राहिली होती. मी नवीन कांडी बसवली. तार बाजूले पडली होती. मी इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं, लहान पोर गूळ चोरते तसं. धोटा होठाले लावला. पहिल्या दमात डोळ्यापर्यंत आला. थांबलो. मॅडमनं शिकवलं तसं पोट फुगवून हवा घेतली, सोडली, अन् पुन्हा लावला.

फुर्र.

धागा जिभेवर. तीच तुरट चव. मी धोटा तसाच तोंडाशी धरून बसलो, हलावंसं वाटेना. दारात कौसल्या. म्हणे, मॅडमनं काय सांगतलं होतं? मी धागा तोंडात धरूनच म्हटलं, एकदाच. म्हणे, सांगते मंदाले फोन करून. अन् फोन केला जी, खरंच केला, पण सांगतलं काय? म्हणे, मंदा, तुझ्या बापानं धागा ओढला वो, एका दमात. खोटं बोलली. दोन दम लागले होते. मी म्हटलं, दोन लागले. ती म्हणे, गप्प बसा, माझ्या तोंडून एकच निघाला. मंग गल्लीभर तीच सांगत फिरली, अन् तुळशीराम येऊन म्हणे, वामन्या, माझ्या मागावरचा धागा बी आला का? त्याच्यानंतर मी तारच वापरतो. ओढता येते एवढं माहीत झालं, बस.

भंडाऱ्याच्या त्या दवाखान्यात मी पुन्हा गेलो. मंदा संग होती. भांडाले नाही गेलो. नागपूरचे कागद दाखवले. डॉक्टरनं वाचले, चष्मा काढला, म्हणाले, काकाजी, आमच्याकडे हे मोजाचं यंत्र नाही. मी म्हटलं, साहेब, नाही तर नाही म्हणा. यंत्र नाही म्हणा, मले माहीत नाही म्हणा, तिकडे जा म्हणा. वहम कायले म्हणता? त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला, अन् दाराशी येऊन मंदाले त्या मॅडमचा पत्ता विचारला. तेवढं खरं ते सांगतो. चांगलं ते बी सांगाले पाहिजे.

आता करडीची सीताबाई येते माझ्याकडे, नवऱ्याच्या फटफटीवर. धानाच्या रोवणीत गाणं सांगणारी बाई, बांधावरून म्हणे तर दुसऱ्या शेतातल्या बाया पुढची ओळ झेलत. तिलेबी पार्किन्सन, तिचाबी आवाज गेला, तिले डॉक्टरनं विचारलं, बाई, घरात काही टेन्शन आहे का? टेन्शन! मी तिले नागपूरले पाठवलं, मोजलं, तेच निघालं. आता आम्ही आपआपलं यंत्र घेऊन ओसरीवर बसतो, ती, मी, यंत्र नसलेला तुळशीराम, अन् मंग आऽऽ च्या जागी ती गाणं काढते. पहिल्या ओळीत दम संपते तिचा. दुसरी ओळ आम्ही म्हणतो, बेसूर. ती आमच्यावर हसते, अन् हसता हसता तिसरी ओळ तिचीच निघते, वाजत.

बिमारी गेली असं समजू नका. ती आहे, राहीन. हात हलते, सकाळी आंग लाकूड होते, गोळीची वेळ चुकली तर पाय उचलत नाही, मी दारातच चिकटून उभा राहतो अन् कौसल्या म्हणे, येता का आत, का पाहुण्यावाणी या म्हणून बोलावू? व्यायाम सोडला तर छाती पुन्हा कमजोर होईन, मॅडमनं साफ सांगतलं. नाही सोडणार. जेवतो सुखानं, हळूहळू, सरळ बसून, घास तोंडात असताना जवाईले बोलू देत नाही. झोप लागते. माग चालते. याच्याहून जास्त मी कोणाले मागितलंच नव्हतं. तुमच्या पोराबाळांले चांगलं होवो, तुम्हाले बी.

पण नुसता आशीर्वाद घेऊन जाऊ नका. तुमच्या घरात, गल्लीत, गावात कोणाचा हात थरथरत असन, कोणाची चाल बारीक झाली असन, तर आजच त्याच्याजवळ बसा. त्याचा आवाज ऐका. त्याले खोकून दाखवाले सांगा. तो बोलता बोलता मधातच थांबत असन तर त्याच्यावर चिडू नका, त्याले दवाखान्यात न्या, अन् डॉक्टरच्या पुढ्यात खुर्चीवर बसून म्हणा: याच्या श्वासाचा जोर मोजा. आत ओढाचा बी, बाहेर फुंकाचा बी. इथं मोजता येत नसन तर कुठं येते ते कागदावर लिहून द्या. तेवढं लिहून मिळेपर्यंत उठू नका.